सर्वश्रेष्ठ हेवीवेट मुष्टियोद्धा कोण? काळ ओलांडून तुलना करण्याचा प्रश्न



२० जानेवारी १९७० रोजी अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील शेकडो चित्रपटगृहांत एक मुष्टियुद्ध दाखवण्यात आले. एका कोपऱ्यात रॉकी मार्सियानो होता, दुसऱ्या कोपऱ्यात मुहम्मद अली. तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला आडवे केले. गंमत अशी, की ही लढत कधी झालीच नव्हती. मार्सियानो १९५६ मध्येच निवृत्त झाला होता आणि अलीला १९६७ पासून रिंगमध्ये उतरण्याची परवानगी नव्हती. मायामीच्या मरी वोरोनर या रेडिओ निर्मात्याने दोघांना एका बंद स्टुडिओत आणले, एकेका मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या लुटुपुटूच्या खेळवल्या, निरनिराळे शेवट चित्रित करून ठेवले आणि त्यांतला कोणता दाखवायचा हे एनसीआर ३१५ या संगणकाने ठरवले, असे जाहीर केले. पंचेचाळीस वर्षांच्या मार्सियानोने त्यासाठी बरेच वजन उतरवले होते आणि टकलावर केसांचा टोप चढवला होता. निकाल पाहायला मात्र तो उरला नाही. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला.

युरोपात काही ठिकाणी याच चित्रपटाची अली जिंकल्याचे दाखवणारी आवृत्ती दाखवली गेली. म्हणजे संगणक एक, लढत एक आणि निकाल दोन! त्याआधी १९६७ मध्ये वोरोनरने रेडिओवर अशीच एक काल्पनिक स्पर्धा घेतली होती. तीत जेम्स जेफ्रीजने अलीला हरवले, तेव्हा अलीने त्याच्यावर दहा लाख डॉलरचा दावा ठोकला होता. आपला संताप त्याने न्यायालयात नेला हे मला तरी समजण्यासारखे वाटते. संगणकात जे भरले होते ती मुख्यतः मुष्टियुद्धाच्या जाणकारांची मते होती. मते भरली, तर बाहेर मतेच पडणार, फक्त आकड्यांचा पोशाख घालून.

या पाठात आपण तोच प्रश्न हातात घेणार आहोत, पण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून. ‘सर्वश्रेष्ठ कोण’ हा चहाच्या टपरीवरचा वाद आहे असे म्हणून तुम्ही तो बाजूला सारू शकता. ब्रॅडमन मोठा की तेंडुलकर, हा वाद तुम्हीही कधीतरी घातला असेल. क्रिकेटमध्ये निदान धावांची सरासरी हाताशी असते. मुष्टियुद्धात एका माणसाची कामगिरी नेहमी दुसऱ्या माणसाच्या तोंडावर उमटलेली असते. तो दुसरा माणूस कोण होता, त्याला कोणी निवडले आणि कोणाला मुद्दाम रिंगच्या बाहेर ठेवले, हे विचारल्याशिवाय इथला एकही आकडा वाचता येत नाही.

खेळ तोच होता का?

जॉन एल. सलिव्हन हा पहिला मोठा अमेरिकन विजेता. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे त्याने जेक किलरेनला हरवले, तेव्हा लढत ७५ फेऱ्या चालली. हा आकडा ऐकून अचंबित होण्याआधी फेरी म्हणजे काय ते विचारा. ही हेवीवेटच्या विजेतेपदाची मोज्यांशिवाय झालेली शेवटची लढत होती आणि ती लंडन प्राइझ रिंगच्या जुन्या नियमांनी खेळली गेली. त्या नियमांत एक जण खाली पडला की फेरी संपे, मग ती दहा सेकंदांची असो की दहा मिनिटांची. प्रतिस्पर्ध्याला धरून आपटणेही चाले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, हातमोजे आणि दहापर्यंतची मोजणी हे सारे १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांचे देणे आहे. सलिव्हन स्वतः याच नियमांनी ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे जेम्स कॉर्बेटकडून एकविसाव्या फेरीत हरला. आखाड्यातला दांडगा माणूस गेला आणि पायांवर नाचणारा आला, असे त्याचे वर्णन अनेकदा केले जाते. मला ते थोडे सोपे करून सांगितलेले वाटते, कारण सलिव्हन तेव्हा चौतिशीला टेकला होता आणि तीन वर्षांत एकही मोठी लढत खेळला नव्हता.

नियम बदलला की गुणाची व्याख्या बदलते, हे लक्षात ठेवा. जॅक डेम्पसीने ४ जुलै १९१९ रोजी ओहायोतील टोलेडो येथे जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. विलार्ड जवळजवळ साडेसहा फूट उंच आणि १११ किलोचा होता, डेम्पसी ८५ किलोचा. तो पराक्रम खराच. पण त्या काळी खाली पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभे राहून तो उठताक्षणी पुन्हा ठोसा मारता येत असे आणि डेम्पसीने नेमके तेच केले. पुढे पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जावे, मगच मोजणी सुरू होईल, असा नियम आला. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत डेम्पसीने जीन टनीला सातव्या फेरीत पाडले, पण सवयीने तो तिथेच घुटमळला. पंचांनी मोजणी उशिरा सुरू केली, टनी उठला आणि जिंकला. एका माणसाची आठ वर्षांपूर्वीची ताकद आठ वर्षांनंतर त्याचा दोष ठरली.

आता फेऱ्यांच्या संख्येकडे पाहा. जॅक जॉन्सनच्या काळात विजेतेपदाची लढत ४५ फेऱ्यांचीही ठरवली जाई. जॉन्सनची चित्रफीत तुम्ही पाहिलीत तर तो आळशी वाटेल. मिठी मारतो, थांबतो, प्रतिस्पर्ध्याशी गप्पा मारतो, हसतो. पण जुलैच्या उन्हात ४५ फेऱ्या पुरवायच्या असतील, तर शहाणा माणूस दुसरे काय करील? नंतर १५ फेऱ्या रूढ झाल्या. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू लढतीनंतर मरण पावला. त्यानंतर आधी एका आणि मग इतर संघटनांनी १५ च्या १२ केल्या.

या तीन फेऱ्यांचे मोल किती, याची दोन उदाहरणे देतो. १८ जून १९४१ रोजी बिली कॉन हा हलक्या वजनाचा चलाख मुष्टियोद्धा बाराव्या फेरीनंतर तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर जो लुईच्या पुढे होता. तिसरीवर बरोबरी होती. तेराव्या फेरीत तो लुईला पाडायला गेला आणि स्वतःच पडला. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉट तिन्ही गुणपत्रिकांवर मार्सियानोच्या पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोच्या उजव्या हाताचा एक ठोसा बसला आणि वॉलकॉट दोरीला टेकून खाली घसरला. आजचा नियम त्या दिवशी असता, तर लुईचे राज्य अर्ध्यावर संपले असते आणि मार्सियानोचा ४९ लढती, ४९ विजय हा विक्रम जन्मालाच आला नसता. अर्थात आजचा नियम असता तर दोघे वेगळे लढले असते, हेही खरे.

शरीरे

पुढचा आक्षेप आकाराचा. जुन्या विजेत्यांची वजने पाहिली तर डेम्पसी आणि मार्सियानो ८५ किलोच्या आसपास, तरुण लुई ९० किलोच्या आसपास. आजच्या वर्गवारीत हे तिघेही हेवीवेट ठरणार नाहीत. साधारण ९१ किलोपर्यंतचा क्रूझरवेट हा गट आता वेगळा आहे. उलट लेनक्स लुईस २००२ मध्ये टायसनविरुद्ध ११३ किलोचा होता आणि टायसन फ्युरी तर सहा फूट नऊ इंच उंच आहे. मग मार्सियानोला फ्युरीसमोर उभे करणे म्हणजे क्रूरपणाच नाही का?

बहुधा हो. तरी आकारालाच सर्वस्व मानू नका. लुईने १९३५ मध्ये साडेसहा फुटांच्या आसपासच्या प्रिमो कार्नेराला सहा फेऱ्यांत संपवले. आणि १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने फ्युरीला हरवले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा हरवले. उसिक आधी क्रूझरवेटचा विजेता होता. फ्युरीपेक्षा तो सहा इंचांनी बुटका आणि बराच हलका. लहान पण कुशल माणूस मोठ्या आणि कुशल माणसाला हरवू शकतो का, या प्रश्नाला उसिकमुळे अलीकडचे खणखणीत उत्तर मिळाले. फक्त उसिक १०० किलोचा आहे, ८५ चा नाही, एवढे विसरू नका.

कोणाला लढू दिले नाही

आता या पाठाचा गाभा. वर जी नावे आली त्यांच्या यशाच्या यादीत एक भोक आहे आणि ते कोणी पाडले हे आपल्याला माहीत आहे.

सलिव्हनने कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांशी लढणार नाही असे उघड सांगितले होते. कॅरिबियन बेटांवर जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात नाव कमावलेला पीटर जॅक्सन त्या वेळी त्याच्या दारात उभा होता. कॉर्बेटने १८९१ मध्ये, विजेता होण्याआधी, जॅक्सनशी ६१ फेऱ्यांची अनिर्णीत लढत दिली. विजेता झाल्यावर त्याची आणि जॅक्सनची पुन्हा लढत झाली नाही. या प्रथेला वर्णरेषा म्हणत. तो कायदा नव्हता, केवळ रिवाज होता. मोडायला रिवाज कायद्याहून अवघड असतो, कारण त्याच्याविरुद्ध दाद कुठे मागणार?

टेक्सासमधील गॅल्व्हस्टनचा जॅक जॉन्सन हा गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांचा मुलगा. कृष्णवर्णीयांसाठीचे वेगळे विजेतेपद त्याने १९०३ मध्येच मिळवले होते. खऱ्या विजेतेपदासाठी त्याला विजेता टॉमी बर्न्सचा जगभर पाठलाग करावा लागला. शेवटी तीस हजार डॉलरची हमी मिळाल्यावर बर्न्स तयार झाला आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत झाली. चौदाव्या फेरीत पोलिसांनी ती थांबवली. जॉन्सन जगज्जेता झाला आणि गोऱ्या अमेरिकेने त्याला हरवू शकेल असा गोरा माणूस शोधायला सुरुवात केली. निवृत्त झालेल्या जेफ्रीजला शेतावरून ओढून आणण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी नेवाडातील रिनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत नमवले. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसे मारली गेली आणि मरणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. एका खेळाच्या निकालाचा हा परिणाम. दोन वर्षांनी अमेरिकी संसदेने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच बंदी घातली.

भारतीय वाचकाने इथे थोडे थांबावे. १९११ मध्ये लंडनमध्ये जॉन्सन आणि इंग्रज मुष्टियोद्धा बॉम्बार्डियर बिली वेल्स यांची लढत ठरली होती. ब्रिटनचे तेव्हाचे गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊ दिली नाही. गोऱ्या सैनिकाला काळा माणूस जाहीरपणे ठोकतो आहे, हे दृश्य साम्राज्यातील प्रजेच्या डोळ्यांना दिसू नये, ही काळजी त्या वादात स्पष्ट होती. आदल्याच वर्षी, १९१० च्या सप्टेंबरात, गामा पहिलवान त्याच लंडनमध्ये पोलंडच्या झ्बिस्कोशी कुस्ती खेळला होता. पहिल्या कुस्तीत निकाल लागला नाही आणि दुसऱ्या वेळी झ्बिस्को आलाच नाही. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचा. त्या काळी रिंग आणि आखाडा या दोन्ही ठिकाणी काय पणाला लागलेले होते ते ध्यानात येईल.

जॉन्सनला शेवटी न्यायालयात गाठण्यात आले. स्त्रियांच्या अनैतिक वाहतुकीविरुद्धचा कायदा त्याच्या गोऱ्या मैत्रिणींच्या निमित्ताने त्याच्यावर लावला गेला, १९१३ मध्ये तो दोषी ठरला आणि देश सोडून गेला. ५ एप्रिल १९१५ रोजी हवानात विलार्डने त्याला सव्विसाव्या फेरीत हरवले. आपण मुद्दाम हरलो, असे तो पुढे सांगत राहिला, पण त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवत नाही. १९२० मध्ये परत येऊन त्याने तुरुंगवास भोगला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून त्याला मरणोत्तर माफी मिळाली ती २०१८ मध्ये.

इथपर्यंत जॉन्सन हा अन्यायाचा बळी वाटतो आणि तो होताच. पण सॅम लँगफर्डचे काय? साडेपाच फुटांहून जरासाच उंच असलेला हा कॅनडात जन्मलेला मुष्टियोद्धा अनेक जाणकारांच्या मते कधीही जगज्जेता न झालेल्यांत सर्वांत थोर. १९०६ मध्ये जॉन्सनने त्याला गुणांवर हरवले होते. विजेता झाल्यावर मात्र जॉन्सनने त्याला पुन्हा संधी दिली नाही. जो जेनेट आणि सॅम मॅकव्ही यांनाही नाही. गोऱ्या आव्हानवीराशी लढलो तर प्रेक्षक जास्त, पैसा जास्त आणि धोका कमी, हे गणित जॉन्सनलाही कळत होते. हे तिघे मग वर्षानुवर्षे एकमेकांशीच लढत राहिले. लँगफर्डची दृष्टी पुढे गेली. वर्णरेषा ही केवळ द्वेषाची रेषा नव्हती. ती बाजाराचीही होती, आणि म्हणून ती ओलांडून आलेल्या माणसालाही तिचा फायदा घेता आला.

जॉन्सन हरल्यापासून २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला हेवीवेट विजेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. डेम्पसीचा सर्व काळ याच २२ वर्षांत येतो. हॅरी विल्स हा त्याचा सर्वांत योग्य आव्हानवीर होता. करारापर्यंत गोष्टी गेल्या, लढत झाली नाही. दोष डेम्पसीचा किती आणि लढती भरवणाऱ्यांचा व राजकारण्यांचा किती, यावर वाद आहे. आपल्या कामापुरते एवढे पुरे : डेम्पसी श्रेष्ठ होता असे म्हणताना पुरावा जिथे सर्वांत जास्त हवा, तिथेच तो नाही.

लुई

मग १९३७ मध्ये जो लुई कसा काय विजेता झाला? त्याच्या ठोशांइतकेच श्रेय त्याच्या व्यवस्थापकांनी घालून दिलेल्या शिस्तीला द्यावे लागते. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढायचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही. थोडक्यात, जॉन्सन व्हायचे नाही. १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत हरवले. जॅब मारल्यावर लुईचा डावा हात खाली येतो हे श्मेलिंगने हेरले होते आणि त्याच फटीतून त्याचा उजवा हात शिरत राहिला. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये लुईने १२४ सेकंदांत हिशेब चुकता केला. मधल्या काळात हिटलरच्या राजवटीने श्मेलिंगला आपला प्रतिनिधी करून टाकले होते. गंमत पाहा, ज्या अमेरिकेत लुईला अनेक हॉटेलांत जेवता येत नव्हते, तिचे लोकशाहीपण त्या रात्री त्याच्या मुठींवर सोपवलेले होते. श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य नव्हता आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील हिंसाचारात त्याने दोन ज्यू मुलांना आसरा दिला, हेही नोंदवून ठेवा.

लुईने २५ वेळा विजेतेपद राखले. हेवीवेटमध्ये हा विक्रम आजही अबाधित आहे. यातले बरेच प्रतिस्पर्धी सामान्य होते, असा टोमणा तेव्हाही मारला जाई. त्यात तथ्य आहे, पण मला उलट बाजू महत्त्वाची वाटते. जवळजवळ १२ वर्षे जो येईल त्याच्याशी तो लढला. विजेतेपद कपाटात ठेवून निवडक लढती खेळण्याची चैन त्याने केली नाही. महायुद्धात त्याने दोन लढतींची कमाई नौदल आणि लष्कर यांच्या मदतनिधीला दिली. पुढे कराच्या थकबाकीने त्याला इतके घेरले, की निवृत्त होऊनही रिंगमध्ये परतावे लागले. १९५१ मध्ये ३७ वर्षांच्या लुईला मार्सियानोने आठव्या फेरीत दोऱ्यांबाहेर फेकले. मार्सियानोच्या ४९ विजयांतली मोठी नावे पाहा : ३७ वर्षांचा लुई, ३८ वर्षांचा वॉलकॉट, ३८ वर्षांचा आर्ची मूर. मार्सियानोची जिद्द मी कमी लेखत नाही, पण ४९–० हा आकडा श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून फेकला जातो तेव्हा ही वये विचारायला हवीत.

दोन अली

मुहम्मद अलीबद्दल तुम्ही इतके ऐकले असेल, की चरित्र सांगत नाही. एकच मुद्दा मांडतो. अली एक नव्हता, दोन होते. पहिला १९६४ ते १९६७ मधला, सनी लिस्टनला बेजार करणारा, हात खाली सोडून मागे झुकणारा, ज्याला ठोसा लागतच नसे. दुसरा १९७० नंतरचा, जड झालेला, पाय मंदावलेला, मार खाऊन जिंकणारा. यांच्यामध्ये तीन वर्षे सात महिन्यांची दरी आहे. व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे त्याचे विजेतेपद आणि परवाना गेला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जून १९७१ रोजी त्याची शिक्षा रद्द केली, पण पंचविशी ते अठ्ठाविशी कोणते न्यायालय परत देणार?

विचित्र असे, की ज्या लढतींमुळे आपण त्याला थोर म्हणतो त्या दुसऱ्या अलीच्या आहेत. १९७३ मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला. जॉर्ज फोरमनने जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले आणि नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवले. साध्या गणिताने फोरमनने अलीचा चुराडा करायला हवा होता. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अली दोऱ्यांना टेकून राहिला, फोरमनला थकू दिले आणि आठव्या फेरीत त्याला खाली पाडले. ‘अ’ने ‘ब’ला हरवले, ‘ब’ने ‘क’ला हरवले, म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवील, हे तर्कशास्त्र मुष्टियुद्धात चालत नाही. काळ ओलांडून केलेल्या बहुतेक तुलना नेमक्या याच तर्कावर उभ्या असतात.

जानेवारी १९८० मध्ये अली भारतात आला होता. दिल्लीत त्याने पंजाबचा फौजी मुष्टियोद्धा कौर सिंग याच्याशी चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळली. कौर सिंगने पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत हेवीवेटचे सुवर्ण जिंकले. १९८० च्याच ऑक्टोबरात, म्हणजे भारतभेटीनंतर सुमारे आठ महिन्यांनी, लॅरी होम्सने अलीला इतके मारले की त्याच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. श्रेष्ठत्वाच्या यादीत या मारांची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे मला आजवर सुचलेले नाही.

अलीनंतर

माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी माइक टायसनचे नाव घेते. हे स्वाभाविक आहे. मोबाइलवर पाहायला टायसनइतका थरारक मुष्टियोद्धा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये विसाव्या वर्षी विजेता, जून १९८८ मध्ये मायकल स्पिंक्सचा ९१ सेकंदांत पराभव. पण ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसने त्याला हरवले आणि त्यानंतर त्याने एकाही थोर प्रतिस्पर्ध्याला हरवले नाही. होलीफील्डकडून दोनदा आणि लुईसकडून एकदा तो हरला. टायसनच्या निमित्ताने स्वतःला विचारा : आपण माणसाच्या शिखराची तुलना करतो आहोत की कारकिर्दीची? उत्तर बदलले की यादी बदलते.

होम्सने २० वेळा विजेतेपद राखले, व्लादिमिर क्लिच्को २००६ पासून २०१५ पर्यंत विजेता राहिला. तरी हे आकडे लुईच्या २५ शेजारी ठेवताना जपा. लुईच्या काळी जगज्जेता एकच असे. आज डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना आपापले विजेते नेमतात. लेनक्स लुईसनंतरचा निर्विवाद जगज्जेता ठरला तो थेट उसिक.

साक्षीदारांची साक्ष

नॅट फ्लायशर यांनी १९२२ मध्ये ‘द रिंग’ हे मासिक सुरू केले आणि पुढची पन्नास वर्षे त्यांचा शब्द प्रमाण मानला गेला. त्यांच्या हेवीवेट यादीत जॉन्सन पहिला, जेफ्रीज दुसरा, फिट्झसिमन्स तिसरा. लुई सहावा, मार्सियानो दहावा आणि अली नाहीच. फ्लायशर यांचा जन्म १८८७ चा. म्हणजे यादीच्या शिखरावरची माणसे त्यांच्या पोरवयातली आणि विशीतली. आपण ज्यांना प्रथम पाहिले ते आपल्याला मोठे दिसतात. तुमच्या आजोबांचे सिनेमातले आवडते नायक आठवा.

फ्लायशर यांना दोष देऊन आपली सुटका नाही. जुनी चित्रफीत सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे घेई आणि ती आजच्या वेगाने चालवली की माणसे बाहुल्यांसारखी उड्या मारतात. त्यावरून जॉन्सनला अनाडी ठरवणारे मी पाहिले आहेत. काही राज्यांत पंचांनी निकाल देण्यालाच बंदी होती. तिथे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे निकाल देत आणि दोन वर्तमानपत्रे दोन निकाल देत. लँगफर्डची चित्रे तर मुळातच थोडी, कारण त्याला मोठ्या लढती मिळाल्या नाहीत आणि छोट्या लढतींवर कॅमेरा कोण खर्च करणार? ज्याला संधी नाकारली, त्याचा पुरावाही तयार झाला नाही.

तुम्ही माझे मत विचारालच. मी अलीला पहिला ठेवतो, लुईला दुसरा. कारण एकच : लिस्टन, फ्रेझियर, फोरमन, नॉर्टन यांसारखे प्रतिस्पर्धी एका माणसाच्या वाट्याला दुसऱ्या कोणत्याही काळात आले नाहीत आणि अली त्या प्रत्येकाला कधी ना कधी हरवून गेला. सातत्य हे माप घेतलेत तर लुईला वर न्या, मी भांडणार नाही. जॉन्सनला मी क्रमांक देत नाही, कारण त्याला काय करू दिले नाही आणि त्याने स्वतः काय टाळले, हे दोन्ही एकत्र तोलता येईल असा तराजू माझ्याकडे नाही.

पुढच्या तासाला येण्याआधी एक काम करा. जॉन्सन–जेफ्रीज (१९१०), दुसरी लुई–श्मेलिंग (१९३८) आणि अली–फोरमन (१९७४) या तीन लढतींच्या चित्रफिती आवाज बंद करून पाहा. प्रत्येकीसाठी तीन गोष्टी वहीत लिहा : पंच केव्हा मध्ये पडतात, मिठी किती वेळ टिकू देतात आणि कॅमेरा प्रेक्षकांत कोणाचे चेहरे दाखवतो. तिसऱ्या नोंदीसाठी अर्धे पान मोकळे ठेवा.